‘खरं-खोटं बघू नका, पुढे पाठवा’: ‘डिजिटल सैनिक’ संदेशाचा प्रतिवाद

सीमेवर काही घडलं की सातारा-सांगलीच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा डोकं वर काढतो. त्याचा आशय असा: आता युद्ध मोबाईलवर लढलं जातं, तुम्ही सगळे डिजिटल सैनिक आहात. शत्रूच्या नुकसानीची बातमी खरी की खोटी हे बघत बसू नका, पुढे ढकला. त्यानं शत्रूचं मनोधैर्य खचतं. १९७१ ला ढाका असंच पडलं, युक्रेननं रशियाला असंच रोखलं. आणि एका मेसेजनं कुणाचं काय बिघडतंय? अपशिंगे मिलिटरी हे सैनिकांचं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे असलं वाचून छाती फुगणारच. पण यातला एकही दावा टिकत नाही.

‘आपण पाठवलं की शत्रू खचतो’

कोणता शत्रू? मानसिक युद्धात मजकूर लिहिणं हे फार पुढचं काम. आधी दोन गोष्टी ठरतात: कुणाला सांगायचं आणि त्यानं नेमकं काय करायचं. ‘खचावं’ हे उत्तर तिथे चालत नाही. ‘खंदक सोडून, हात वर करून यावं’ हे चालतं.

१९९१ च्या आखाती युद्धात इराकी सैन्यावर सुमारे २ कोटी ९० लाख पत्रकं टाकली गेली. अशा पत्रकाचा नेहमीचा आकार सहा इंच बाय तीन इंच, वजन जेमतेम ग्रॅमभर. या मापाचा कागद पडताना स्वतःभोवती गिरक्या घेतो, त्यामुळे वारा त्याला किती लांब नेईल याचा हिशेब आधी मांडता येतो. एम-१२९ नावाच्या फायबरग्लासच्या पोकळ बॉम्बमध्ये साठ ते ऐंशी हजार पत्रकं मावतात. ठरलेल्या उंचीवर कवच उघडतं आणि गठ्ठा हवेत पसरतो. वाऱ्याचा अंदाज चुकला की सगळा माल रिकाम्या वाळवंटात.

त्यावर लिहिलेलं काय होतं? शरणपत्रावर घोषणा नव्हत्या, सूचना होत्या. रायफलचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढा. रायफल डाव्या खांद्याला, नळी खाली करून लटकवा. दोन्ही हात वर. हळू चालत या, सर्वांत पुढच्यानं हा कागद डोक्यावर धरावा. दुसऱ्या प्रकारच्या पत्रकात इशारा असे: इथे बॉम्बफेक होणार आहे, निघून जा. आणि मग अमेरिकेची बी-५२ बॉम्बफेकी विमानं खरोखर येत. नंतर पुन्हा पत्रकं. इशारा खरा ठरला म्हणून पुढचा कागद वाचला गेला. विमानं आलीच नसती तर त्याला रद्दीचा भाव आला असता.

आता आपला फॉरवर्ड बघा. मराठीतला, साताऱ्याहून कराडला, कराडहून विट्याला गेलेला. वाचणार कोण? आपलीच आत्या, आपलाच मेहुणा. पाकिस्तानी सैन्याचं मुख्यालय असलेल्या रावळपिंडीत तो कुणी उघडतही नाही.

‘१९७१ ला ढाका खोट्यानंच पडलं’

या दाव्याला थोडा आधार आहे, म्हणून तो नीट तपासायला हवा. ११ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या उत्तरेला टांगाईलजवळ आपली दुसरी पॅरा (छत्रीधारी) बटालियन उतरली. ही बटालियन मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची, हे इकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. उतरले सुमारे सातशे जण. परदेशी माध्यमांत आकडा पाच हजारांच्या घरात गेला आणि सोबत छापलेला फोटो जुन्या सरावाचा होता. ढाक्यात याचा धसका बसला हेही खरं.

पण फुगवलेला आकडा पचला कशामुळे? छत्रीधारी सैनिक खरोखर उतरले होते. पूंगलीचा पूल त्यांनी खरोखर ताब्यात घेतला आणि उत्तरेकडून ढाक्याला परतणाऱ्या पाकिस्तानी तुकडीची वाट अडली. शिवाय ढाक्याच्या तेजगाव विमानतळाच्या धावपट्टीवर आधीच खड्डे पडल्यानं पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं जमिनीवर खिळली होती. वरून जाऊन मोजणार कोण? आणि फोटो आपल्या एका अधिकाऱ्यानं, एका हेतूनं दिला होता, गावागावानं नव्हे.

त्याच दिवसांत लष्करप्रमुख माणेकशॉ यांचं आवाहन रेडिओवरून आणि पत्रकांतून जात होतं: शस्त्रं खाली ठेवा, जिनिव्हा करारानुसार वागणूक मिळेल. त्यात एक अक्षर खोटं असून चाललं नसतं. शरण आलेल्या पहिल्या माणसाचं काय झालं ही बातमी पत्रकापेक्षा वेगानं पसरते. १६ डिसेंबरला शरणागती झाली, ९३ हजार युद्धकैदी झाले. ते त्या शब्दावर आले आणि चारी बाजूंनी कोंडले गेले म्हणून आले.

‘युक्रेननं असंच केलं’

एकट्यानं रशियाची विमानं पाडणारा म्हणून गाजलेला ‘कीव्हचं भूत’ नावाचा वैमानिक खुद्द युक्रेनच्या हवाई दलानं एप्रिल २०२२ अखेर काल्पनिक म्हणून जाहीर केला. त्याच्या नावानं फिरलेली क्लिप व्हिडिओ गेममधली होती. खरं कामी आलं ते वेगळंच. मार्च २०२२ मध्ये झेलेन्स्की शरण जायला सांगताहेत असा बनावट व्हिडिओ आला. असं काही येईल हा इशारा युक्रेननं आधीच देऊन ठेवला होता आणि झेलेन्स्कींनी लगेच स्वतःचा व्हिडिओ टाकला. बनावट माल काही तासांत मेला. मे २०२५ मध्ये पंजाबातल्या आदमपूर हवाई तळावरची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा उद्ध्वस्त केल्याचा दावा पाकिस्ताननं केला, तेव्हाही पंतप्रधान तिथे जाऊन तिच्यासमोर उभे राहिले. दावा तिथेच संपला.

उलट त्याच मे महिन्यात आपल्या काही वाहिन्यांनी बातम्यांत कराची बंदर बेचिराख केलं. सकाळी बंदर जागेवर होतं. अशा रात्रीनंतर आपल्या खऱ्या माऱ्याचे पुरावे दाखवले तरी बाहेरचा माणूस भुवया उंचावतो, आणि त्याची किंमत सैन्याला मोजावी लागते.

‘एका मेसेजनं काय होतंय?’

२६/११ ला मुंबईत अतिरेक्यांचे सूत्रधार टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बघून फोनवरून सूचना देत होते. म्हणूनच आज अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला केबल नियमांनुसार मनाई आहे. सुट्टी रद्द झालेल्या पोराला मिरज जंक्शनवर निरोप देतानाच्या व्हिडिओत खांद्यावरची युनिटची पट्टी, गाडीचं नाव आणि तारीख एकत्र असते. अशा पाच-पन्नास क्लिपा जोडल्या की कुठली पलटण कधी हलली ते कळतं. खोट्या ‘अमुक चौकी पडली’ मेसेजचा फटका तर सरळ इथल्या घराला बसतो, कारण त्या चौकीवर कुणाचा तरी मुलगा असतो आणि त्याचा फोन लागत नसतो.

क्लिप तपासायची तर आधी आवाज ऐका. ध्वनीला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. दूरच्या डोंगरावर स्फोटाचा लखलखाट आणि धडाका एकाच क्षणी आला तर ती क्लिप गेममधली असेल किंवा आवाज मागाहून चिकटवलेला असेल. मग एक चित्र थांबवून गूगल लेन्सवर टाका. जुना सीरिया-गाझाचा व्हिडिओ बहुतेकदा तिथेच सापडतो. मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय; व्हॉट्सअॅप तो एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं, ते उगाच नव्हे.

आणि ‘देशासाठी पाठवलं’ ही सबब कायद्यात आपोआप चालत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली जनतेत घबराट पसरवण्याच्या हेतूनं, किंवा ती पसरण्याची शक्यता असताना, खोटी माहिती किंवा अफवा पसरवली तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. खरं मानायला वाजवी कारण होतं आणि हेतू वाईट नव्हता, तर अपवाद आहे. ‘खरं-खोटं बघू नका’ असं लिहिलेला मेसेज पाठवणाऱ्यानं ते वाजवी कारण कुठून आणायचं?