'भंगारवाल्याचं ज्ञान' : निनावी इंजिनियरसाहेबांना उत्तर

गेल्या महिन्यात 'एस्टीमचे ११० किलो कुठे गेले' हा लेख टाकला होता. जुन्या मारुती एस्टीममधून काय काय काढलं, काट्यावर किती भरलं आणि ४०२ मीटरच्या ड्रॅगमध्ये (सरळ रेषेतल्या शर्यतीत) त्याने किती वेळ वाचला, एवढाच विषय. प्रतिक्रिया चांगल्या होत्या. मग रविवारी रात्री पावणेबाराला एक 'निनावी' उगवले. नाव लिहायची हिंमत नाही, पण खाली सही मात्र ठसठशीत: 'एक मेकॅनिकल इंजिनियर'.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बॅटरी उचलून डिकीत नेण्याचा माझा सल्ला फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीला उलटा पडतो. '४५ किलो कमी केले की ०.१ सेकंद वाचतो' हा हिशोब अमेरिकन गाड्यांचा आहे. चाकांच्या वजनाबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. दारं पोकळ करायला सांगून रोल केजबद्दल (गाडी उलटली तर माणूस वाचवणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याबद्दल) गप्प बसणं बेजबाबदारपणा आहे, कॉलेजची पोरं हे वाचून रस्त्यावर करतील. आणि शेवट जसाच्या तसा देतो: "सापडेल ते खोलून फेकायचं याला इंजिनियरिंग म्हणत नाहीत, हे भंगारवाल्याचं ज्ञान आहे. त्यापेक्षा ड्रायव्हरने पोट कमी करावं, फुकटात होईल."

दोन दिवस उत्तर दिलं नाही. बायको म्हणाली, सोडून द्या. सोडणार होतो. पण ते शेवटचं वाक्य काही जाईना डोक्यातून.

आधी जे बरोबर आहे ते बरोबर म्हणतो, म्हणजे पुढे कोणी मला हट्टी म्हणायला नको. बॅटरीचं तुमचं म्हणणं खरं आहे. गाडी जोरात सुटली की भार मागच्या चाकांवर जातो. मागची चाकं गाडी ओढत असतील तर ते सोन्याहून पिवळं, म्हणूनच १९६८ च्या हेमी डार्टमध्ये (डॉजने ड्रॅगसाठी काढलेली अमेरिकन गाडी) कंपनीनेच बॅटरी डिकीत बसवली होती. एस्टीम पुढच्या चाकांवर ओढते. तिथे पुढचे दहा किलो मागे नेले की पुढची चाकं आणखी हलकी होतात आणि क्लच सोडल्यावर जागेवरच घसरतात. डार्टचं वाचलेलं डोक्यात होतं, ते एस्टीमच्या लेखात शिरलं. लेखात दुरुस्ती केली आहे. आणि तुमच्या नजरेतून सुटलेली गोष्ट मीच सांगतो: एसी काढला तेव्हाही अठरा किलो पुढूनच गेले होते. हे तुम्ही पकडायला हवं होतं, साहेब. पदवीधर आहात.

झालं. आता भंगारवाला.

तुम्हाला ठाऊक नसणार, म्हणून सांगतो. माझा मामा भंगारवाला. उपमा म्हणून नाही, खरोखरचा. चिखलीजवळ कुदळवाडीत त्याचं पत्र्याचं गोडाऊन होतं आणि बारावीनंतरच्या दोन सुट्ट्या मी तिथे काढल्या. मामाचा एकच दंडक होता: माल आला की आधी काटा, मग तोंड. कंपनीतून आलेला माणूस म्हणायचा, 'शंभर किलो आहे शेठ, लिहून घ्या.' मामा नुसता हसायचा आणि प्लॅटफॉर्म काट्याकडे बोट दाखवायचा. बहुतेक वेळा शंभराचे ब्याऐंशी निघायचे. दुसऱ्या सुट्टीच्या शेवटी अल्टरनेटर नुसता हातात घेतला की अर्ध्या किलोच्या फरकाने वजन सांगायला लागलो होतो. हे कुठल्या सेमिस्टरला शिकवतात ते कळवा.

एस्टीम खोलली तीसुद्धा त्याच गोडाऊनमध्ये, त्याच काट्याशेजारी. माझ्या लेखातला एकही आकडा नेटवरून उचललेला नाही. शेजारची सीट रेलसकट साडेतेरा किलो. मागचं बाकडं पाठीसकट पंधरा. स्टेपनी बारा किलो सहाशे ग्रॅम, जॅक-पाना-टॉमी साडेतीन. वहीत अजून आहे, मामाच्या अक्षरात, कारण माझे हात काळे होते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला फरशीवरच्या डांबरी पट्ट्यांनी. कार्पेट उचललं की खाली पत्र्याला चिकटलेल्या काळ्या जाड चकत्या दिसतात, आवाज आणि थरथर दाबायला कंपनी लावते त्या. उन्हाळ्यात त्या च्युइंगगमसारख्या होतात, खरवडायला गेलं की पत्रा सोडून सगळ्याला चिकटतात. आइस्क्रीमवाल्या ओळखीच्या माणसाकडून पाच किलो ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणला, फडक्यात गुंडाळून पट्टीवर दहा मिनिटं ठेवला आणि छिन्नीच्या बोथट बाजूने टकटक केलं. भाजलेल्या पापडासारखी तडकते. हातमोजे चामड्याचेच हवेत आणि गाडीची दारं सताड उघडी हवीत, त्या वाफेत डोकं घालून बसायचं नाही. रात्री साडेनऊ ते एक. पहाटे झाडून गोळा केलेला काळा चुरा पोत्यात भरून काट्यावर टाकला, सहा किलो दोनशे. सहा किलोंसाठी साडेतीन तास! 'सापडेल ते खोलून फेकणारा' माणूस हे करत नाही. तो पट्ट्या तशाच ठेवतो आणि फेसबुकवर स्टिकर लावलेल्या गाडीचा फोटो टाकतो.

आणि खोलून फेकणं जर भंगारवाल्याचं काम असेल, तर अमेरिकन गाड्यांच्या माहेरी, डेट्रॉइटमध्ये सगळे भंगारवालेच भरले होते म्हणायचे. १९६३ साली पॉन्टिअॅकने ड्रॅगसाठी काढलेल्या मोजक्या कॅटलिनांच्या चेसिसला भोकं पाडली होती, वजन जावं म्हणून. लोक त्या गाडीला 'स्विस चीज' म्हणायचे. १९६४ ची फोर्ड थंडरबोल्ट घ्या: फेंडर, बॉनेट फायबरग्लासचे, रेडिओ नाही, हीटर नाही, उन्हासाठीच्या झडपासुद्धा काढलेल्या. ज्या डार्टने माझी बॅटरी चुकवली तिची दारं अॅसिडमध्ये बुडवून पातळ केलेली होती आणि खिडकीची काच वर घ्यायला हँडल नव्हतं, पट्टा होता, पट्टा. २०१८ च्या डॉज डीमनमध्ये शेजारच्या माणसाची सीटच येत नसे. हवी असेल तर एक डॉलर भरा आणि घ्या. ८४० अश्वशक्तीची गाडी बनवणाऱ्यांनाही शेजारची सीट जड वाटली. यातल्या कुठल्या इंजिनियरला तुम्ही भंगारवाला म्हणणार आहात ते नाव घालून लिहा. तुमचं नाव.

मला राग मुद्द्याचा आलेला नाही, हे लक्षात घ्या. मुद्दे येतात, जातात. सूर वाईट होता. हेच तुम्ही 'दादा, बॅटरीचं एकदा बघा' असं लिहिलं असतं तर मी आभार मानून दुरुस्ती केली असती आणि हा लेखच झाला नसता. माझ्या मामाने या धंद्यावर तीन पोरं शिकवली. त्यातली एक मेकॅनिकल इंजिनियरच आहे, आणि तिने कधी कोणाला 'भंगारवाल्याचं ज्ञान' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आता ४५ किलोचं. मी 'ढोबळ' असा शब्द वापरला होता, तो तुम्ही सोयीस्करपणे गाळलात. तरी हिशोब मांडू. पाव मैलाचा, म्हणजे त्याच ४०२ मीटरचा, वेळ साधारणपणे वजन आणि ताकद यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे बदलतो. दीड टनाच्या, तेरा सेकंदांच्या अमेरिकन गाडीला ते ४५ किलोंमागे ०.१ च्या आसपास बसतं. एस्टीम ८७५ किलो, वर मी ९१, एकूण ९६६. त्यातून ११० गेले की राहिले ८५६. पहिला वेळ १७.५ सेकंद धरला तर घनमुळाच्या हिशोबाने तो १६.८ वर यायला हवा, म्हणजे ०.७ सेकंद. माझ्या ढोबळ हिशोबाने जेमतेम ०.२५ वाचले असते. म्हणजे मी फायदा फुगवून सांगितला नाही, उलट कमी सांगितला! चूक असलीच तर ती या बाजूची आहे, आणि तिच्याबद्दल एवढं तोंड टाकायचं कारण नव्हतं.

प्रत्यक्षात काय झालं? अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर, पावती फाडून, बीम लावलेल्या टायमिंगवर: खोलण्याआधी १७.५, खोलल्यावर १६.९. इंजिन तेच, टायर तेच, पेट्रोल तेच, ड्रायव्हरही दुर्दैवाने तोच. ८५ अश्वशक्तीच्या इंजिनातून एवढा फरक काढायचा तर याच सूत्राने आणखी नऊ-साडेनऊ अश्वशक्ती लागली असती. एस्टीमच्या १२९८ सीसीमधून त्या काढायला हेड उघडा, कॅम बदला, ट्यूनिंग करा, खर्च विचारू नका. मला ड्राय आइसचे पैसे लागले आणि आइस्क्रीमवाल्याचा चहा.

(परत येताना लोणावळ्याच्या पुढे डिसेंबरचा अवकाळी लागला आणि तेव्हा आठवलं की वायपरची मोटर मामाच्या गोडाऊनमध्ये पोत्यात आहे. एका हाताने स्टिअरिंग, खिडकीतून दुसरा हात बाहेर, हातात बनियन. तो प्रसंग पुन्हा कधीतरी.)

पोटाबद्दल मी बोलणार नव्हतो.

पण हिशोब चालूच आहे तर करू. मी दहा किलो उतरवले तर याच सूत्राने ०.०६ सेकंद वाचतात. सहा शतांश. हा तुमचा अख्खा 'फुकटातला' सल्ला. त्यासाठी मी पुरणपोळी सोडणार नाही. आणि अरे बाबा... माफ करा, अहो बाबा, तुम्ही मला कुठे पाहिलंत? लेखातल्या फोटोत मी वाकलेलो आहे. वाकल्यावर कोणाचंही पोट तसंच दिसतं.

सुरक्षेबद्दल फार लिहीत नाही. ड्रॅगच्या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकेच्या एनएचआरए या संस्थेच्या नियमांत सर्वसाधारणपणे रोल बार (केजचा छोटा भाऊ) ११.४९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला सक्तीचा होतो आणि पूर्ण केज ९.९९ पासून. डीमनने ९.६५ मारले आणि केज नसल्यामुळे तिला तिथे परत धावायला मनाई झाली, हे मलाही ठाऊक आहे. माझी एस्टीम सोळाच्या घरात आहे. शिवाय केज घातला की काढलेल्यातले बरेच किलो परत आत. दारातलं लोखंड कापू नका हे लिहायला हवं होतं म्हणता; मी फक्त पॅड आणि काचेचं यंत्र काढा म्हटलं होतं, आणि डोकं वाचकालाही असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत फेरफार करण्याबद्दलचं, मला शिकवू नका. ही गाडी रस्त्यावर येतच नाही, ट्रॉलीवर चढवून नेतो. त्या एका वेळचं सोडा. पोरं काय करतात त्याला मी जबाबदार नाही, त्यांचे आईबाप आहेत.

दुसऱ्या एका वाचकाने तुमच्या प्रतिक्रियेखाली 'सहमत' लिहिलं आहे. त्यांना एवढंच: आधीच्या तीन लेखांवर तुम्हीच 'गुरू' लिहिलं होतंत, मी विसरलेलो नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, तशीच ठेवली आहे, लोकांना वाचू दे. मामाचं गोडाऊन आता नाही, पण काटा मी घरी आणून ठेवला आहे. चिंचवडला कधी आलात तर गाडी घेऊन या, तुमच्या गाडीची स्टेपनी मोजून देतो. चहाही देईन. नाव सांगावं लागेल.

राहिली चाकं. फिरणाऱ्या वजनाचा परिणाम नुसत्या वजनापेक्षा जास्त असतो, कारण चाक पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं, त्यातही रिमच्या कडेचं आणि टायरचं वजन सगळ्यात महाग. हे मला माहीत आहे. लोखंडी आणि अलॉय अशा दोन्ही रिम्स काट्यावर चढवून झाल्या आहेत आणि त्यावरचा लेख पुढच्या आठवड्यात येतोय. तो तुमच्या प्रतिक्रियेच्या आधीपासून अर्धा लिहून पडला होता. ड्राफ्टवर तारीख आहे. पाहिजे तर स्क्रीनशॉट टाकतो.