"गोळ्या बंद करा, विष बाहेर पडेल" म्हणे! हिस्टामिनच्या त्या मेसेजबद्दल

गेले काही आठवडे नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. खाज, पित्त, डोकेदुखी, पोट फुगणं, सगळ्याचं मूळ एकच, हिस्टामिन (शरीरात बनणारं आणि काही पदार्थांतही असणारं, खाज-सूज आणणारं रसायन). ८० टक्के लोकांना हा त्रास आहे, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आजच बंद करा, दही टोमॅटो वांगं पालक द्राक्षं कायमची सोडा, आणि खाली एका कॅप्सूलची लिंक. मी सोडून दिलं असतं, पण सिडकोतल्या माझ्या आत्याला तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला आणि तिने खरंच गोळी बंद केली. माझं पंचवटीत मेडिकल आहे, मला एक फोन नाही केला, ग्रुपवरच्या कुणा अनोळखी माणसाचं ऐकलं.

ते ८० टक्के आधी उरकतो. २००७ चा एक रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, सगळे दाखवतात, त्यात अंदाज आहे साधारण १ टक्का लोकांना हा त्रास असल्याचा, आणि त्या १ टक्क्यातले ८० टक्के मध्यमवयीन असतात असं म्हटलंय. मेसेजवाल्याने बहुतेक तिथलाच आकडा उचलला आणि मागचं-पुढचं वाचलंच नाही.

आता गोळीचं. मेसेज म्हणतो, गोळीमुळे हिस्टामिन अंगात साठतं, बंद केली की सुरुवातीला खाज वाढेल, घाबरू नका, विष बाहेर पडतंय. हे वाचून माझं डोकंच फिरलं, कारण हे इतकं हुशारीने लिहिलंय की त्रास वाढला तरी माणूस खूशच होणार. आत्याच्या अंगावर वर्षभर गांधी उठतायत. सहा आठवड्यांच्या वर हे चाललं की डॉक्टर त्याला जुनाट धरतात, आणि अशा बहुतेक लोकांत खाण्यातलं कारण सापडतच नाही, कातडीतल्या स्वतःच्याच पेशी हिस्टामिन सोडत असतात, त्यात वांग्याचा काय संबंध? सिट्रिझिनसारखी गोळी हिस्टामिन साठवत नाही, ते जिथे जाऊन काम करतं ती जागा अडवते, म्हणून खाज थांबते. गोळी काढली की जागा मोकळी, खाज परत. विष बिष काही नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, मनात नसताना. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, मे २०२५ मध्ये इशारा दिलाय की सिट्रिझिन किंवा लिव्होसिट्रिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन एकदम बंद केली तर क्वचित काही जणांना भयंकर खाज सुटते. म्हणजे मेसेजमधलं "खाज वाढेल" अगदीच हवेतलं नाही. पण मग त्यातून निघतं काय, तर एकदम बंद करू नका, डॉक्टरला विचारून करा. मेसेज नेमकं उलटं सांगतो. आत्याला रात्रभर झोप नाही आणि फोनवर मला म्हणते, "अरे निघतंय ना बाहेर, निघू दे."

आणि त्याच परिच्छेदात, ओठ सुजले तरी गूळपाणी प्या. अहो, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर ना गूळपाणी ना माझ्याकडची गोळी, तिथे मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, तेही लगेच. १०८ ला फोन करा नाहीतर जवळच्या दवाखान्यात पळा. ही ओळ लिहिणाऱ्याला खरंच पकडून विचारावंसं वाटतं.

खाण्याच्या यादीत थोडं तथ्य आहे. जुनं चीज, रेड वाइन, आंबवलेले पदार्थ यात हिस्टामिन असू शकतं, टोमॅटो-पालक-वांग्यातही सापडतं, आणि आतड्यातलं हिस्टामिन मोडणारं डीएओ नावाचं एन्झाइम कमी पडलं तर त्रास होऊ शकतो. पण वाइनवरून द्राक्षांवर उडी? दिंडोरी-पिंपळगावच्या ताज्या द्राक्षांनी काय घोडं मारलंय, वाइनमधलं हिस्टामिन प्रामुख्याने आंबताना तयार होतं. गंमत म्हणजे याच यादीत मासे चालतील, फक्त नीट उकळा! बांगडा बर्फाशिवाय राहिला की त्यात जिवाणू हिस्टामिन बनवतात आणि ते उकळून जात नाही, जिवाणू मरतात, हिस्टामिन तिथेच. असला मासा खाऊन तर धडधाकट माणसाचंही तोंड लाल होतं. (टीबीची आयसोनियाझिड चालू असेल तर जास्तच जपा, ती गोळी डीएओ दाबते. मासा टाळायचा, गोळी नाही.)

रक्तातलं डीएओ तपासा म्हणे. जर्मनीतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२१ मध्ये याच विषयावर मार्गदर्शिका काढली, त्यात स्पष्ट आहे की या तपासणीवरून निदान होत नाही. कायमच्या कडक याद्याही नकोत असंच त्यांचं म्हणणं. शंका असेल तर १०-१४ दिवस हिस्टामिनवाले पदार्थ कमी करायचे, काय खाल्लं काय झालं लिहून ठेवायचं, मग पुढच्या सहा आठवड्यांपर्यंत एकेक पदार्थ परत आणून बघायचा, आणि जे खरंच बाधतं तेवढंच कमी ठेवायचं. दोन आठवड्यांत फरकच नाही पडला तर दुसरं कारण शोधायचं. आत्या महिनाभर दुधी आणि भातावर आहे, गालफडं बसलीत, फरक शून्य.

राहिली कॅप्सूल, तेच डीएओ बाहेरून देणारी. मेसेजमध्ये ती कशापासून बनते ते लिहिलेलं नाही. बाजारातल्या बहुतेक डीएओ कॅप्सूल डुकराच्या मूत्रपिंडापासून काढतात. एकादशी न चुकवणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर ही लिंक फिरतेय, आणि आत्याने दोन डब्यांची ऑर्डर टाकून ठेवलीय. हे ऐकल्यावर मात्र ती गप्प झाली, ऑर्डर रद्द करायला पोराला फोन दिला आणि मला विचारलं, स्किनच्या डॉक्टरांची वेळ कितीची मिळेल.