पायाचा सर्जन आणि बोर्डाचं सर्टिफिकेट: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की पोडियाट्रिस्ट (पावलं-घोट्यांचा डॉक्टर) काही एमडी नसतो, त्याचं बोर्ड सर्टिफिकेशन म्हणजे भिंतीवर लावायचा कागद, मी इथल्या मराठी लोकांना उगाच भरवसा देतेय, आणि आईंच्या घोट्याच्या फ्यूजनसाठी (सांध्याची हाडं कायमची जोडायचं ऑपरेशन) तुम्ही फक्त ऑर्थोपेडिकवालाच बघणार. बघा, जरूर बघा. पण ते कागदाचं मला अजिबात पटलं नाही.

लायसन्स राज्य देतं, त्याशिवाय अमेरिकेत प्रॅक्टिसच करता येत नाही. सर्टिफिकेशन त्याच्या वरचं. पोडियाट्रिस्ट 4 वर्षं पोडियाट्रीचं कॉलेज आणि 3 वर्षं रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) करतो, मग अमेरिकन बोर्ड ऑफ फूट अँड अँकल सर्जरीच्या परीक्षा देतो (2014 पर्यंत हेच पोडियाट्रिक सर्जरीचं बोर्ड म्हणून ओळखलं जायचं) आणि त्या पास झाला तरी नुसता 'बोर्ड क्वालिफाइड'च असतो. सर्टिफाइड व्हायला स्वतः केलेल्या ऑपरेशन्सची यादी द्यावी लागते, त्यातल्या कुठल्या केसेस तपासायच्या ते बोर्ड ठरवतं, आणि मग नोट्स, आधीचे-नंतरचे एक्स-रे सगळं बाहेर काढलं जातं. एवढं सगळं नुसत्या कागदासाठी कोण करेल हो?

तुमच्या रागात एक खरा मुद्दा मात्र आहे. या बोर्डाची सर्टिफिकेट्स दोन आहेत, एक फूट सर्जरीचं आणि दुसरं रिअरफूट-अँकल रिकन्स्ट्रक्शनचं, म्हणजे पावलाचा मागचा भाग आणि घोटा यांच्या दुरुस्तीचं. बनियनची (पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड) ऑपरेशन्स करणारा पहिल्या सर्टिफिकेटवरच 'बोर्ड सर्टिफाइड' लिहितो, ते खरंच असतं, पण घोट्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही! न्यूयॉर्कमध्ये तर 2014 पासून घोट्याच्या ऑपरेशनसाठी पोडियाट्रिस्टला राज्याकडून वेगळी परवानगी लागते.

आणि ऑर्थोपेडिकचं म्हणाल तर त्यांच्या बोर्डाचं हाताचं वेगळं सर्टिफिकेट आहे, स्पोर्ट्स मेडिसिनचं आहे, पण फूट-अँकलचं नाही. म्हणजे तिथे 'बोर्ड सर्टिफाइड' हे अख्ख्या ऑर्थोपेडिक्सचं झालं, खुबा-गुडघेवालाही तेच लिहिणार. तिथे विचारायचं ते 5 वर्षांच्या रेसिडेन्सीनंतर फूट-अँकलची फेलोशिप (त्या एकाच विषयाचं जादा प्रशिक्षण) केलीय का.

आईंसाठी पोडियाट्रिस्ट बघणार असाल तर बोर्डाच्या साइटवर त्याचं नाव टाका, रिअरफूट-अँकल दिसतंय का आणि पुढे क्वालिफाइड आहे की सर्टिफाइड ते बघा. आणि दोघांनाही, पोडियाट्रिस्ट असो की ऑर्थोपेडिकवाला, गेल्या वर्षभरात घोट्याची किती फ्यूजन केली ते तोंडावर विचारा. आईंना शुगर आहे म्हणालात, तर अशा पेशंटची किती केली हेही विचारा, त्यांची हाडं जुळायला आणि जखम भरायला जास्त त्रास होतो.