पाचव्या वर्षाचा रकाना

नवा धंदा सुरू करणाऱ्यांना प्रकल्प अहवाल तयार करून द्यायचं काम मी करतो. अहवालात एक रकाना असतो: पाचव्या वर्षी कामगार किती? मागे एकाच दिवशी दोघं आले. दोघांचाही धंदा छपाईचा, भांडवलातही एकोणीस-वीसचाच फरक. पहिल्याने माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगितलं, "साठ." नंतर आलेल्या ताई मात्र थांबल्या. पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "सहा. प्रत्येकाच्या घरी काय चाललंय, ते मला ठाऊक असायला हवं."

बाजार तोच, यंत्रंही तीच. मग साठ आणि सहा आले कुठून? माझं ठाम मत आहे, स्वभावातून.

अमेरिकेत 1988 साली जवळपास तीन हजार नव्या उद्योजकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 81 टक्के लोकांना स्वतःच्या यशाची शक्यता दहात सात किंवा त्याहून जास्त वाटत होती. एक तृतीयांश लोकांना तर दहात दहा! पण तसाच धंदा दुसऱ्याने केला तर? सात किंवा जास्त म्हणणारे उरले 39 टक्के. या आत्मविश्वासाशिवाय कुणी उडी घेणार नाही, हे मला मान्य आहे. पण तोच माणसाला डोईजड कर्जात ढकलतो, हेही मी जवळून पाहिलंय. म्हणून त्या साठवाल्याला मी विचारलं, "सगळं बुडालं तर किती नुकसान झेपेल?" तो बराच वेळ गप्प बसला.

मला खरा राग येतो तो ताईंसारख्यांना भित्रं ठरवणाऱ्यांचा. स्वीडनमधल्या छोट्या उद्योगांच्या प्रमुखांवरचं एक संशोधन 2003 साली आलं. धंदा वाढवावा की नाही, हे ठरवताना त्यांच्या मनात पैशापेक्षा एक काळजी मोठी होती: वाढल्यावर माणसांमधलं आपलेपण टिकेल का? ताई दुसरं काय म्हणत होत्या? स्वतःच्या मर्जीने काम करता यावं म्हणून धंद्यात उतरणारेही कितीतरी असतात. त्यांच्यामागे 'स्केल करा, स्केल करा' असा धोशा लावून आपण त्यांच्याकडून दुसऱ्याचंच स्वप्न वदवून घेतो.

ताईंचा अहवाल पाहून एका जाणकाराने मला सुचवलं, "वीस लिही, वजन पडेल." मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "वीस जणांचं मला झेपणार नाही, दादा."

रकान्यात सहाच ठेवले.