ट्रकमध्ये ९८ युनिट असताना वेगळी बॅटरी कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचे आक्षेप दोन. फोर्ड एफ-१५० लाइटनिंग या माझ्या विजेवर चालणाऱ्या पिकअप ट्रकमध्ये ९८ युनिटची बॅटरी असताना कॅम्पिंगच्या सामानासाठी आणखी सव्वा युनिटची बॅटरी बसवणं म्हणजे पैशाचा चुराडा. आणि वायरिंगला हात लावला की वॉरंटी गेली.

वीज कमी पडते म्हणून मी ती बसवलेली नाही. रात्री ट्रक झोपला पाहिजे, म्हणून बसवली आहे. हौद्यातला प्लग चालू ठेवला की इन्व्हर्टर, कंट्रोलर, मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (तिला ट्रकशी जोडणारे स्विच) असं सगळं जागं राहतं. आमचा फ्रिज सरासरी १५ वॅट घेतो, म्हणजे चोवीस तासांत ०.३६ युनिट. ट्रकला नुसतं जागं राहायला २०० वॅट लागतात असं धरा. तेवढ्याच वेळात ४.८ युनिट गेले. ९८ मधले पाच टक्के गेल्याने आभाळ कोसळत नाही, हे मान्य.

पण माझ्यासाठी मुख्य मुद्दा बाबांचा आहे. साताऱ्याहून ते आमच्याकडे राहायला आले की कॅम्पिंगला येतातच, आणि त्यांना सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावल्याशिवाय झोपता येत नाही. त्यातला हवा दमट करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवून, बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर ते ३० वॅटच्या आसपास घेतं. हौद्यातल्या प्लगला ग्राउंड-फॉल्टचं संरक्षण असतं, म्हणजे वीज गळली की तो पुरवठा तोडतो; पावसाने किंवा दवाने एक्स्टेंशनचा जोड ओला झाला तर तो ट्रिप होतो, आणि तसाच व्हायला हवा. फ्रिजमधलं दूध तासभर थांबेल. बाबांचं मशीन रात्री दोन वाजता बंद पडलेलं मला चालणार नाही.

आता वायरिंग. बॅटरी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची, लिथियम आयर्न फॉस्फेट. ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर गाडी चालत असताना ट्रकच्या बारा व्होल्टच्या वायरिंगवरून ती भरतो. लॉस एंजेलिसहून सिएरा नेवाडा डोंगरांच्या पायथ्याच्या लोन पाइन गावाला पोचेपर्यंत रिकामी बॅटरी जवळपास भरलेली असते. चार्जरला चालू-बंद व्हायला सांगणारी सेन्स वायर इग्निशनवर आहे, म्हणजे ट्रक बंद तर चार्जर बंद. याला पर्याय नाही. ट्रकची स्वतःची बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर कॉन्टॅक्टर ओढले जात नाहीत, आणि ९८ युनिट भरलेले असूनही ट्रक जागचा हलत नाही. म्हणूनच फ्रिज थेट त्या बॅटरीला जोडू नका, असं मी पुन्हा पुन्हा लिहितो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. निगेटिव्ह चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडा, ट्रकच्या छोट्या बॅटरीच्या टर्मिनलला नको. तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो आणि त्याचा हिशेब चुकतो. शून्य अंशाखाली ही वेगळी लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, त्यामुळे हिवाळ्यात सिएराच्या पूर्वेला जाणार असाल तर ती केबिनमध्ये ठेवा.

वॉरंटीबद्दल: अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून कंपनी सगळी वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या भागामुळे नुकसान झालं, तर मात्र ते तुमच्या माथी. नारिंगी केबलला हात लावायचा नाही. ती हाय व्होल्टेजची.

एका बाबतीत तुमचं अगदी बरोबर आहे. इंडक्शनवर कुकर लावायचा तर ट्रकचाच प्लग वापरावा, मीही तोच वापरतो. १,८०० वॅटच्या शेगडीपुढे माझी बॅटरी पाऊण तासही टिकणार नाही. आणि तुम्ही हूकअप (विजेची जोडणी) असलेल्या कॅम्पग्राउंडवर एखादी रात्र काढणार असाल, सोबत कुणाचं वैद्यकीय यंत्रही नसेल, तर हा खर्च करूच नका.