‘सुट्टीत लावा, फॅमिली येतेच’ : दिवाळीच्या तोंडावर फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

दिवाळी जवळ आली की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. तालमीच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या येतो, शाळेच्या बॅचच्याही येतो. त्याचा सारांश असा : अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला फॅमिली सिनेमा लावतात आणि पाच दिवसांत पैसे वसूल करतात. आपल्याकडेही दिवाळीचे सगळे दिवस थिएटर भरलेलं असतं. सिनेमाचा निकाल पहिल्या तीन दिवसांतच लागतो. कोटींचा गल्ला निर्मात्याच्या खिशात जातो. तरीही मराठी निर्माते सुट्टी सोडून भलत्याच शुक्रवारी येतात, म्हणून मराठी सिनेमा मरतो. खाली ‘जागे व्हा’ आणि जोडलेले हात.

प्रभात कंपनी १९२९ साली ज्या गावात सुरू झाली त्या गावाला सिनेमाच्या धंद्याचं इतकं सोपं गणित कुणी शिकवावं, याचं जरा वाईटच वाटतं. असो. एकेक मुद्दा घेऊ.

‘अमेरिकेत सुट्टीला लावला की चालतोच’

थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. सिनेमा बुधवारी लागतो आणि रविवारपर्यंत पाच दिवसांचा हिशेब धरतात. २०२४ मध्ये याच आठवड्यात ‘मोआना २’ आला आणि त्याने अमेरिका-कॅनडात पाच दिवसांत सुमारे साडेबावीस कोटी डॉलर जमवले. थँक्सगिव्हिंगला एवढं आधी कुणी कमावलं नव्हतं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा एवढंच वाचलं असावं.

आता एक वर्ष मागे जाऊ. २०२३, तोच आठवडा, तीच डिस्ने, पुन्हा ॲनिमेशन, पुन्हा मुलांसाठी. सिनेमा ‘विश’. पाच दिवसांत तीन कोटी डॉलरच्या जेमतेम वर. अजून एक वर्ष मागे, २०२२ मध्ये, ‘स्ट्रेंज वर्ल्ड’ : पाच दिवसांत दोन कोटी डॉलरसुद्धा नाहीत, आणि खर्च अठरा कोटींच्या घरात असल्याचं सांगितलं जातं. लागोपाठ तीन वर्षं कंपनी तीच होती, सुट्टी तीच होती आणि शाळाही तेवढ्याच बंद होत्या. निकालात मात्र दहा पटींहून जास्त फरक पडला. मोआनाचा पहिला भाग मुलांनी घरी बसून पुन्हा पुन्हा पाहिला होता, दुसऱ्याची वाट ती आधीपासूनच बघत होती. तयार असलेल्या गर्दीला सुट्टीने एकाच आठवड्यात दारात आणलं. गर्दी तयारच नसेल तर सुट्टी कुणाला आणणार?

इतक्या लांब जायचं नसेल तर ११ ऑगस्ट २०२२ आठवा. गुरुवार, राखी पौर्णिमा, पुढे सोमवारी १५ ऑगस्ट. असा जोडून आलेला पाच दिवसांचा मोका वर्षात क्वचित मिळतो. त्या दिवशी ‘रक्षाबंधन’ नावाचाच सिनेमा लागला. अक्षयकुमार, चार बहिणी, त्यांची लग्नं, हुंडा, रडारड. याहून कौटुंबिक काय असायचं? सोबत आमिरखानचा ‘लाल सिंग चढ्ढा’ होता. दोन्ही पडले. ‘रक्षाबंधन’ची देशातली नेट (म्हणजे कर वजा जाता) कमाई शेवटपर्यंत पन्नास कोटींनाही पोचली नाही. राखी बांधून झाल्यावर लोक जेवले आणि झोपले, असं म्हणायला हरकत नाही.

‘दिवाळीचे सगळे दिवस थिएटर भरलेलं असतं’

हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने दिवाळीत घरातलं काही काम केलं नसावं, असा माझा दाट संशय आहे.

दिवाळी जवळ आली की घरात साफसफाई, मग फराळ. चकलीचं पीठ गिरणीतून आणणं, अनारशाचं पीठ जमलं की बिघडलं यावर चर्चा, आकाशकंदील, पोरांच्या किल्ल्यासाठी माती. गावाकडच्या घरी दूध संस्थेतून वर्षाचा फरक (दुधाच्या दरातली वर्षअखेरीची रक्कम) मिळालेला असतो, तो घेऊन करवीर, पन्हाळा, कागलकडची माणसं महाद्वार रोडला कपड्यांना येतात. हातात चार पिशव्या आणि कडेवर पोर असताना तीन तास अंधारात बसायला कुणी जात नाही, पहिली परतीची एसटी गाठतं. नरक चतुर्दशीला पहाटे उठून अभ्यंगस्नान आणि दुपारी डोळ्यांवर झापड. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तर दुकानदार, त्याचा नोकर, नोकराची बायको, सगळे पूजेत. कौटुंबिक सिनेमाला हक्काचा म्हणावा असा संध्याकाळचा शो नेमका त्याच वेळी असतो.

आकड्यातही हे दिसतं. २०२३ मध्ये सलमानखानचा ‘टायगर ३’ रविवारी, १२ नोव्हेंबरला लागला. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. मारधाडीचा सिनेमा, पहिला दिवस, वर रविवार. कमाई सुमारे ४४ कोटी. दुसऱ्या दिवशी सोमवार, तरी कमाई ५८-५९ कोटींवर गेली. एरवी रविवारपेक्षा सोमवार मोठा ठरला तर सिनेमाच्या धंद्यातला माणूस आकडा पुन्हा तपासून बघेल. इथे त्याला तपासायची गरज वाटली नसेल, कारण लक्ष्मीपूजन म्हणजे काय हे त्याला माहीत असतं. दिवाळीची खरी गर्दी लक्ष्मीपूजन उरकल्यावर सुरू होते. ‘गोलमाल अगेन’ २०१७ मध्ये लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आला आणि दोनशे कोटींच्या वर गेला. हे उदाहरण मेसेजच्या बाजूचं आहे आणि मी ते झाकत नाही. पण तो मुहूर्तही सणाचे कामाचे दिवस टाळूनच काढलेला होता.

यातली खरी गोष्ट कुणी बोलत नाही. ‘फॅमिली’ सिनेमाला जाणार की नाही हे बहुतेक घरांत बाई ठरवते, आणि सणात सगळ्यात कमी मोकळी तीच असते. पोरांना सुट्टी, नवऱ्याला सुट्टी, तिच्या मागे मात्र पाहुण्यांची सरबराई. भाऊबीजेला ती माहेरी, नाहीतर नणंद तिच्याकडे. कॅलेंडरवरच्या लाल तारखा बघून तारीख ठरवणारा निर्माता नेमकी तीच बाई विसरतो जिच्यासाठी त्याने सिनेमा काढलेला असतो.

कोल्हापूरचं आणखी एक. इथली गर्दी थिएटरच्या दिशेनेच वळते असं काही नाही. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला सगळा महाराष्ट्र येतो, तेव्हा शहरातली माणसं बिंदू चौकाकडे गाडी घालायचंही टाळतात. चैत्रात जोतिबाची यात्रा. आणि फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या संघाची मॅच असली, तर मंगळवार पेठेतल्या अख्ख्या घराला सिनेमाला चला म्हणून बघा एकदा.

‘पहिल्या तीन दिवसांत निकाल लागतो’

हाणामारीच्या, मोठ्या नटाच्या सिनेमाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ २०१८ च्या दिवाळी पाडव्याला लागला, पहिल्या दिवशी पन्नास कोटींच्या वर गेला आणि दुसऱ्याच दिवशी तिशीच्या आत आला. लोकांनी बाहेर येऊन सांगितलं, संपलं.

घरगुती सिनेमाचं उलटं असतं. पाच-सहा माणसांची तिकिटं काढायची, वर पॉपकॉर्न आणि पार्किंग, म्हणजे हजार-दोन हजार गेले. एवढे पैसे पोस्टर बघून कुणी घालवत नाही. आधी शेजारीण जाऊन येते, मग भिशीत विषय निघतो, मग जाऊबाईचा फोन, आणि मग ठरतं. या सगळ्याला आठवडा जातो. म्हणजे पहिला विकेंड हा अशा सिनेमाचा निकाल नसतो, जाहिरात असते.

‘बाईपण भारी देवा’ घ्या. ३० जून २०२३, शुक्रवार. आदल्या दिवशी आषाढी आणि बकरी ईद एकत्र येऊन गेली होती, म्हणजे सुट्टी उलटल्यावर हा लागला. शाळा सुरू, पाऊस सुरू. पहिल्या आठवड्यात साडेबारा कोटींच्या आसपास. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट. बायका गटागटाने, साड्या नेसून, गॉगल लावून, चालू दिवसांच्या दुपारच्या शोला येत होत्या. ज्या दुपारच्या शोला एरवी पंखे आणि डोअरकीपर एवढेच असतात, तो शो हाऊसफुल. पोरं शाळेत आणि नवरा कामावर गेल्यावर बाईला मिळते ती खरी सुट्टी, आणि ती कॅलेंडरवर लाल रंगात छापलेली नसते. त्या सिनेमाची एकूण कमाई पुढे पंचाहत्तर कोटींच्या पार गेली. तीन दिवसांवर निकाल लावला असता तर त्याला ‘बरा’ म्हणून सोडून दिलं असतं.

‘झिम्मा’ त्याआधीचा, १९ नोव्हेंबर २०२१. दिवाळी दोन आठवड्यांपूर्वी उरकलेली, कोरोनानंतर थिएटरं नुकती उघडलेली आणि तीही निम्म्या खुर्च्यांवर. तरी पन्नास दिवसांच्या पुढे चालला.

अमेरिकेतही हेच आहे, फक्त मेसेजवाल्याने तिकडे पाहिलं नाही. ‘पुस इन बूट्स’चा दुसरा भाग २०२२ च्या नाताळात आला. पहिल्या विकेंडच्या तीन दिवसांत सव्वा कोटी डॉलर, म्हणजे त्या मानाने काहीच नाही. शेवटी अमेरिका-कॅनडातच साडेअठरा कोटी. कारण नाताळ ते नववर्ष रोजच शाळा बंद, सोमवारही शनिवारसारखा, आणि पाहून आलेलं पोर दुसऱ्या पोराला सांगतं. त्याला एका विकेंडने नव्हे, सलग मोकळ्या दिवसांनी आणि पोरांच्या तोंडांनी तारलं.

‘गल्ला निर्मात्याच्या खिशात’

यावर फार वेळ घालवायला नको, आकडेच मांडतो. दोनशे रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटी बाजूला काढला की १६९ रुपये उरतात. हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं २००९ मध्ये मोठं भांडण झालं, महिना-दोन महिने नवे मोठे सिनेमेच लागले नाहीत, आणि त्यातून जी वाटणी ठरली ती अशी : वितरकाला, म्हणजे निर्मात्याचा सिनेमा थिएटरपर्यंत पोचवणाऱ्याला, पहिल्या आठवड्यात निम्मं, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. म्हणजे त्याच तिकिटाचे पहिल्या आठवड्यात ८५ रुपये, चौथ्यात ५१. त्यातून वितरकाचं कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च वजा करा, मग निर्माता.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. या वाटणीमुळेच निर्माता सुट्टीच्या मागे पळतो. पहिल्या आठवड्यातल्या तिकिटातून त्याला सगळ्यात जास्त मिळतं. त्याचा हिशेब वेडा नाही. पण घरगुती सिनेमा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फुलतो, आणि तेव्हा त्याला वाटा कमी मिळतो. ही अडचण खरी आहे. मेसेजमध्ये तिचा पत्ता नाही.

‘मराठी सुट्टी सोडतात म्हणून मरतात’

याचा सगळ्यात राग येतो, कारण दोष उलट्या माणसाच्या गळ्यात बांधलाय.

१ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार, लक्ष्मीपूजन. ‘सिंघम अगेन’ आणि ‘भूलभुलैया ३’ एकाच दिवशी. शो कुणाला किती, यावरून दोघांमध्येच ओढाताण. अशा आठवड्यात मराठी सिनेमाला मिळतं काय? सकाळी नऊ-साडेनऊचा शो, नाहीतर रात्री उशिराचा. या दोन्ही वेळा घरच्या माणसांच्या नाहीत. सकाळी घरात पाणी तापत असतं आणि रात्री पोरं पेंगतात. शो रिकामा गेला की सोमवारी तोही काढतात, आणि मग ‘मराठीला प्रेक्षक नाही’ म्हणायला सगळे मोकळे. व्हीनस कॉर्नर, उमा टॉकीज चौक, या गावात चौकांनासुद्धा टॉकिजची नावं पडली. त्या काळी टॉकीजवाल्याने मराठी सिनेमा लावला की चारही खेळ त्याचेच. चालला तर महिनोन् महिने हलायचा नाही. आता एका दिवसात एका पडद्यावर चार वेगळे सिनेमे, आणि त्यात कुणाला कुठली वेळ हे मोठ्याच्या मर्जीवर. लाल तारखेला ही मर्जी सगळ्यात महाग होते.

सुट्टी सोडून आलेला मरतोच असंही नाही. ‘दशावतार’ १२ सप्टेंबर २०२५ ला आला. गणपती जाऊन आठवडा झालेला आणि पितृपक्ष चालू. त्या पंधरवड्यात आपल्याकडे नवी गाडी राहू दे, नवा कुकरसुद्धा घेत नाहीत. तरी लोकांनी तो उचलला आणि आठवड्यामागून आठवडे चालवला.

एवढं सांगूनही कुणाला दिवाळीचाच हट्ट असेल, तर भाऊबीजेनंतरचा शुक्रवार धरा. पोरांची सुट्टी अजून संपलेली नसते, माहेरवाशिणी परतलेल्या असतात, फराळाचे डबे तळाला गेलेले असतात. मोठ्या हिंदी सिनेमाचे पहिले चार दिवस होऊन त्याची सोमवारची कमाई घसरलेली असेल, तर दुपारचा तीनचा आणि संध्याकाळचा सहाचा शो मागायला तेव्हाच तोंड उघडता येतं.