आधी गॅझेट वाचा, मग सोटा उचला

एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडच्या वसाहतीत जाऊन नशीब काढायचं तुम्ही ठरवलंच असेल, तर घोंगडी आणि बटाट्याचं बियाणं बांधून घेण्याआधी सरकारी गॅझेट वाचायची सवय लावून घ्या. त्या देशात काय मारायचं, काय पाळायचं आणि कशावर हक्क सांगायचा, ते तिथे छापून येतं. मराठी माणसाला तर हे चटकन कळावं, कारण आपल्याकडे दोन्ही सील एकच. एक खडकावर पसरून ऊन खातं, दुसरं पेटंटच्या कागदावर लाखेत उमटतं. दोन्ही मारावी लागतात. फी मात्र फक्त कागदावरचं मारायला पडते.

आधी खडकावरचं. तिथल्या फर-सीलला माओरी लोक केकेनो म्हणतात. १७९२ साली ‘ब्रिटानिया’ जहाजाच्या कॅप्टन रेव्हननं दक्षिण बेटाच्या टोकाला, डस्की साउंडमध्ये, एक टोळी उतरवली. वर्ष भरायच्या आत टोळीनं ४,५०० कातडी जमवली. तुम्हीही तसंच करा. पहाटे भरतीच्या बाजूनं उतरा, म्हणजे तुम्ही समुद्र आणि कळप यांच्या मध्ये याल. सील घाबरलं की पाण्याकडेच धावतं, आणि पाण्याकडे तुम्ही उभे. सोटा जड हवा, फटका नाकाडाच्या वर. मेहनत खरी त्यानंतर आहे. कातड्याच्या आतली चरबी सुरीनं पार खरवडून काढा, मीठ चोळा, पाणी सुटू द्या, पुन्हा मीठ लावा आणि मग पिंपात रचा. मिठात कंजूषी केलीत किंवा चरबीचा थर राहिला, तर माल वाटेत तापतो, केस मुठीनं निघून येतात आणि लंडनच्या बाजारात तुमची कातडी कुणी टोपीला घेत नाही.

हे सगळं करायला परवाना लागत होता का? छे. १८३० च्या सुमाराला किनारे जवळजवळ रिकामे झाले, तरी लागत नव्हता. शिकारीचा बंद हंगाम कायद्यात आला १८७५ मध्ये, म्हणजे पहिल्या टोळीनंतर ८३ वर्षांनी. मग १८७८ मध्ये सीलच्या संरक्षणाचा वेगळा कायदाही झाला. उशीर झाला म्हणून कुरकुरू नका. किती सील उरलेत हे मोजायचं, तर आधी मोजता येतील इतके कमी व्हायला नकोत का?

बंद हंगाम उन्हाळ्यात, कारण पिलं नोव्हेंबर ते जानेवारीत होतात. मोकळे महिने हिवाळ्यातले. आता न्यूझीलंडच्या दक्षिणेच्या समुद्रातल्या ऑकलंड बेटांवर किंवा अँटिपोडीझ बेटावर जुलैमध्ये होडी लावून बघा. पश्चिमेचा वारा, उभा कडा, आणि पायाखाली केल्पचा, म्हणजे ओल्या समुद्रशेवाळाचा, घसरडा पट्टा. बहुतेक वेळा उतरणं जमतच नाही, आणि उतरलात तर परत होडीत चढणं जमत नाही. तेव्हा अनुभवी मंडळी कायद्याचा पूर्ण मान राखून उन्हाळ्यातच जात.

आणि पकडणार कोण? सरकारची ‘हिनेमोआ’ नावाची आगबोट त्या बेटांची फेरी मारे, वर्षातून एखाद-दोनदा. क्षितिजावर धूर दिसला की तुमच्या हाताशी बराच वेळ असतो. ती बोट यायची त्यामागे आणखी एक काम होतं. १८६६ मध्ये ‘जनरल ग्रँट’ जहाज ऑकलंड बेटांवर फुटलं आणि वाचलेली माणसं दीड वर्ष सीलचं मांस खात, सीलची कातडी शिवून अंगावर घालत जगली. त्यानंतर या बेटांवर जहाजफुटीतून वाचलेल्यांसाठी झोपड्या आणि पेट्या ठेवल्या गेल्या. त्यांत बिस्किटं, काडेपेट्या, कपडे, हत्यारं. पहिल्यापैकी एका पेटीवर लिहिलं होतं, की पाठीशी जहाज असताना जो ही पेटी फोडील त्याला विधवा-अनाथांचा शाप लागो. बघा, दंडाची रक्कम नाही, कलम नाही, थेट शाप. इतका स्वस्त अंमल पुढे कुठल्या खात्याला जमला नाही. शाप पुरेना, तेव्हा पेट्यांतले कपडे मुद्दाम ठळक चौकड्यांचे शिवले गेले, म्हणजे चोर बंदरात उतरला की लांबूनच ओळखू यावा. तुम्हाला पेटी फोडायचीच असेल तर बिस्किटं खा, कोट घालू नका.

१८८७ च्या मार्चमध्ये ‘डेरी कॅसल’ जहाज त्याच ऑकलंड बेटांपैकी एंडर्बी बेटावर आपटलं. तेवीस जणांपैकी आठ वाचले. जवळच्या झोपडीत त्यांना अन्नाचा साठा मिळाला नाही, आधीच कुणीतरी हात मारून गेलं होतं. शिंपले खात त्यांनी दिवस काढले, मोडतोडीच्या लाकडातून एक चपटी होडी ठोकली आणि सामुद्रधुनी ओलांडून पोर्ट रॉसचा साठा गाठला. अखेर जुलैत त्यांना उचललं ते ‘अवारुआ’ नावाच्या जहाजानं. सरकारी नव्हे. बंदी असताना सील मारायला आलेलं. वाचलेल्यांना त्यानं मेलबर्नला पोचवलं. न्यूझीलंडच्या एखाद्या जवळच्या बंदरात का नाही, हे तुम्ही जहाजमालक असतात तर विचारलं नसतं. सल्ला असा, की फुटणारच असाल तर बंद हंगामात फुटा. तेव्हा वर्दळ जास्त असते.

सील अगदीच संपले तर पेंग्विन आहेत. इन्व्हरकार्गिलचा माजी महापौर आणि खासदार जोसेफ हॅच यानं मॅक्वारी बेटावर वाफेच्या दाबाच्या टाक्या बसवल्या आणि पेंग्विन त्यांत शिजवून तेल काढलं. बेट टास्मानियाचं, म्हणून परवाना टास्मानियाचा, त्यामुळे न्यूझीलंडच्या गॅझेटला काही बोलायचं कारण नव्हतं.

आता कागदावरचं सील. पेटंटचा पहिला कायदा १८६० चा, आणि पहिलं पेटंट १८६१ मध्ये आर्थर पर्चस आणि जेम्स निनिस या दोघांना मिळालं. पर्चस पाद्रीही होता आणि डॉक्टरही. शोध होता हाराकेके नावाच्या, तलवारीसारख्या लांब पानांच्या झाडातून धागा तयार करण्याचा. आता माओरी बायका पिढ्यानपिढ्या शिंपल्याच्या कडेनं तेच पान खरवडून त्याचा मऊ, रेशमासारखा ‘मुका’ काढत होत्या आणि त्याचे अंगरखे, दोर, जाळी करत होत्या. पण अर्ज कुठे केला होता त्यांनी? शिंपल्याचं रेखाचित्र दोन प्रतींत जोडलं होतं का? नाही ना. मग.

अर्ज लिहिण्याची रीत सोपी आहे. आधी तात्पुरतं वर्णनपत्र द्या. त्यात शोधाचं स्वरूप मोघम सांगितलं तरी चालतं, आणि शहाणा माणूस मोघमच सांगतो, कारण पुढे यंत्रात काय बदलेल ते त्यालाही माहीत नसतं. मग मुदतीच्या आत पूर्ण वर्णनपत्र: यंत्र कसं चालतं ते भाग नि भाग, आकृतीसह, आणि शेवटी हक्काचा दावा स्वतंत्र वाक्यात. बहुतेक अर्ज इथेच मरतात. वर्णन चार पानं आणि दावा ‘वर सांगितलेलं सगळं’ असा एका ओळीत. सगळं मागणाऱ्याला कोर्टात काहीच मिळत नाही. शेजाऱ्याच्या यंत्रात एक दांडा वेगळा निघाला की तुमचं ‘सगळं’ सुटून पडतं. दावा असा लिहा, की तो दांडा काढला तर शेजाऱ्याचं यंत्र चालूच नये. एवढं जमलं की चौदा वर्षं निश्चिंत, मधे नूतनीकरणाचे पैसे भरायचे विसरला नाहीत तर. आणि विसरणारे किती असतात, ते पेटंट कचेरीतल्या कारकुनाला विचारा.

हिंदुस्थानातल्या वाचकांनी हसू नये. आपल्याकडचा १८५६ चा पेटंटचा कायदा पुढच्याच वर्षी रद्द करावा लागला, कारण राणीची आगाऊ मंजुरी घ्यायचीच राहिली होती. सुधारून तो १८५९ मध्ये पुन्हा आला. त्या पहिल्या कायद्याखाली कलकत्त्याच्या डीपेनिंगचा अर्ज होता तो पंखा ओढायच्या यंत्राचा. कायदाच बेकायदा, आणि शोध मात्र पंखेवाल्याची नोकरी खाणारा.

एवढ्यानं वाटेल की वसाहत सरकारला वेळेवर काही सुचतच नसे. तसं नाही. ट्राउट बघा.

ब्राउन ट्राउट हा इंग्लंडचा मासा. साहेबाला सुट्टीच्या दिवशी नदीत गळ टाकून बसल्याशिवाय चैन पडत नाही, आणि गळाला लागणारा मासा ओळखीचा हवा. तो विषुववृत्त ओलांडून आणायचा कसा? १८६० चं ‘कर्लिंग’ जहाज फसलं, १८६२ चं ‘ब्यूटिफुल स्टार’ फसलं, अंडी वाटेतच मेली. मग जेम्स यूल या गृहस्थानं शोध लावला, की अंड्याला वाहतं पाणी नकोच, थंड ओलावा पुरतो. थंडीत अंडं वाढायचं थांबत नाही, पण रेंगाळतं, आणि तेवढ्या अवधीत जहाज पोचतं.

डबा असा भरा. भोकं पाडलेली पाइनची पेटी घ्या. तळाला दोन मुठी कोळसा, म्हणजे पाणी सडत नाही. त्यावर फोडलेला बर्फ. त्यावर ओल्या शेवाळाचं घरटं. पाण्यानं भरलेल्या बाटलीतून अंडी हळुवार ओता, हात लावू नका. वरून पुन्हा शेवाळ, आणि स्वच्छ पाणी भोकाभोकांतून वाहीपर्यंत ओता. मग बारीक कुटलेला बर्फ आणि झाकणाला स्क्रू. पेट्या जहाजाच्या बर्फखान्यात रचा. इथे दगा देतं ते शेवाळ. जास्त दाबलं तर अंड्यांना हवा मिळत नाही, आणि मेलेलं अंडं पांढरं होऊन त्यावर आलेली बुरशी शेजारच्यांनाही लागते. म्हणून पोचल्यावर पहिलं काम, चिमट्यानं पांढरी अंडी वेचून टाकणं, आणि ते रोज करायचं.

२१ जानेवारी १८६४ ला ‘नॉरफोक’ याच पद्धतीनं निघालं आणि एप्रिलच्या मध्याला मेलबर्नला लागलं. लाखभर अंडी होती सॅमन या दुसऱ्या माशाची, कारण खरा पाहुणा सॅमन. ट्राउटची तीनेक हजार अंडी आयत्या वेळी वर टाकलेली. टास्मानियात प्लेंटी नदीकाठी दोन्ही फुटली. सॅमन मोठा होऊन समुद्रात गेला, तो परत आलाच नाही. ट्राउट राहिला. फुकट तिकिटावर आलेले पाहुणेच मुक्काम ठोकतात, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको.

१८६७ मध्ये टास्मानियातून त्याची अंडी न्यूझीलंडला आली. आणि सॅमन व ट्राउट यांच्या रक्षणाचा न्यूझीलंडचा कायदा? तोही १८६७ चा. केकेनोनं ८३ वर्षं वाट पाहिली. ट्राउटच्या स्वागताला कायदा दारातच उभा होता.

नियम पाठ करा. परवान्याशिवाय गळ नाही. जाळं नाही, भाला नाही, चुना टाकून पाणी विषारी करणं नाही. हंगाम बंद झाला की नदीकाठी काठी घेऊन उभंसुद्धा राहू नका. पाणकावळा ट्राउट खातो, म्हणून पाणकावळ्याच्या डोक्याला बक्षीस. ट्राउट कुणाला खातो, हा प्रश्न गॅझेटात छापत नाहीत. आणि विकायचा नाही, हे तर आजही: न्यूझीलंडमध्ये ट्राउट बाजारात मिळत नाही. खायचा असेल तर स्वतः पकडून आणा, एखादा खानावळवाला तो शिजवून देईल.

रोटोरुआच्या तळ्यांत ट्राउट सुटला तेव्हा त्यानं कोआरो आणि तळ्यातले इतर छोटे मासे फस्त केले. तिथल्या तेआरावा या माओरी जमातीचं रोजचं जेवण तेच होतं. मग त्यांनी साहजिकच त्या जेवणानं माजलेला ट्राउट पकडला, आणि परवाना नाही म्हणून खटले झाले. घरात शिरलेल्या मांजरानं दूध पिऊन टाकलं, आणि मांजराला हुसकलं म्हणून तुम्हालाच दंड. अखेर १९२२ मध्ये तडजोड झाली. तळ्यांचा तळ सरकारचा, तेआरावांच्या ट्रस्ट बोर्डाला वर्षाला ६,००० पौंड, आणि नाममात्र फीत मासेमारीचे चाळीस परवाने. चाळीस. अख्ख्या जमातीत चाळीस.

तिथल्या नद्यांत एक देशी मासा होता, उपोकोरोरो. इंग्रजांना तो त्यांच्या देशातल्या माशासारखा दिसला, म्हणून त्यांनी त्याला ग्रेलिंग म्हटलं. झुंडीनं यायचा, गळालाही लागायचा. जंगलतोडीनं नद्या गढूळ झाल्या, ट्राउट आला, आणि १९३० च्या दशकानंतर तो खात्रीनं कुणाला दिसला नाही. त्याला कायद्यानं संपूर्ण संरक्षण मिळालं १९५१ मध्ये, आणि ते अजून चालू आहे. तेव्हा तुमच्या गळाला उपोकोरोरो लागलाच, तर त्याला इजा न करता ताबडतोब पाण्यात सोडा. घरी नेलात तर गुन्हा होईल.